बायकांच्या वॉर्डातल्या आपा

आपांना एका प्रश्नाचा मनापासून राग होता. "कसं वाटतंय?" असं एखादा इंटर्न पेशंटला विचारताना त्यांच्या कानावर पडलं, की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहायच्या. पेशंटसमोर काही बोलायच्या नाहीत. मग बाहेर व्हरांड्यात आल्यावर सांगायच्या, "ह्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. बरं आहे. नवरा मारतो, बरं आहे. झोप नाही, बरं आहे. उत्तर ठरलेलंच असेल तर विचारायचं कशाला?"

त्या स्वतः भलतंच विचारायच्या. सकाळी काय खाल्लंस, शेजारच्या खाटेवर काल कोण झोपलं होतं, अंघोळीचं पाणी गरम मिळालं का, केस कोणी विंचरले. पहिले काही दिवस मला वाटलं, ह्या वॉर्डाची व्यवस्था तपासतायत. पुढे कळलं की माणूस रात्री झोपला की नाही, त्याला आजूबाजूचं भान आहे की नाही, कोणावर त्याचा जीव आहे, हे सगळं त्या अंघोळीच्या पाण्यातूनच काढून घेत होत्या.

सायकॉलॉजीच्या पुढच्या शिक्षणात एक वर्ष प्रत्यक्ष पेशंटबरोबर काढावं लागतं. माझं ते वर्ष रत्नागिरीत गेलं. आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्याला शहर मागे पडलं की एका ट्रस्टचं छोटं मनोरुग्णालय आहे, तिथे. मी सांगलीची आणि माझ्याबरोबरचा ओंकार पुण्याचा. आमच्या वर्षाचे भाग पाडलेले होते. आधी बायकांचा वॉर्ड, मग ओपीडी, आणि शेवटी पुरुषांचा वॉर्ड. ह्या सगळ्या रोटेशनमध्ये आमच्यावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझर म्हणजे आपा. तिथल्या त्या एकमेव क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. वय पन्नाशीच्या पुढे, ठेंगण्या, चालणं घाईचं, डोक्यावरची ओढणी सतत घसरणारी आणि सतत सावरलेली. कागदोपत्री त्या मॅडम होत्या. पण बायकांच्या वॉर्डात त्यांना सगळे आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे, त्यामुळे महिन्याभरात आमच्याही तोंडी तेच बसलं.

तिथल्या बोलण्याचा हेल मला सुरुवातीला कळायचा नाही. एखादी बाई "जेवले" म्हणायची, तर ती माहिती देतेय की तक्रार करतेय, ह्याचा पत्ता लागायचा नाही. आपांना हे सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली. त्या रत्नागिरीतच जन्मलेल्या, वडील आणि नवरा दोघंही जहाजावर नोकरी केलेले. त्यांनी मला सांगितलं, की शब्द सोडून दे आणि शेवटचं अक्षर किती लांबतंय ते ऐक. मी ऐकायला लागले. पुढे पुढे मलाही जमलं.

माझी पहिली पेशंट कमल. गुहागरकडच्या एका वाडीतली, चाळिशीची. बरीच वर्षं तिथेच होती. तिचं औषध व्यवस्थित चालू होतं, कोणाला त्रास नव्हता. दिवसभर ती चादरींच्या घड्या घालायची. मी तिच्याशी बोलून आले आणि पुस्तकात शिकवतात तसं नोंदवलं, की पेशंटच्या चेहऱ्यावर भाव नाहीत, भावना बोथट झाल्या आहेत. आपांनी ते वाचलं.

"कशाबद्दल बोलताना भाव नव्हते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, भावाबद्दल. भाऊ भेटायला येतो का असं विचारलं, तर ती म्हणाली, येतो म्हनतो, येत नाय. आणि घडी घालत राहिली.

"तो तिला इथे सोडून गेला त्यानंतर एकदाही आलेला नाही," आपा म्हणाल्या. "त्याच्याबद्दल बोलताना तिच्या चेहऱ्यावर कुठला भाव तुला हवा होता?"

 आपा उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की आधी काय दिसलं ते साध्या मराठीत लिही, पेशंट जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिही, आणि मोठा शब्द शेवटी ठेव. लागलाच तर. ओंकारला हा फार वेळखाऊ मार्ग वाटायचा. त्याचं लिखाण माझ्या दुप्पट वेळा परत यायचं.

जेवायला आपा आमच्याबरोबर बसायच्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा मासे. ओंकार मासे खात नाही म्हणून त्याच्यासाठी एका लहान डब्यात वेगळी भाजी. त्याच वेळी त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. इरफान दोह्याला होता, एसी बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. तो हसरा होता आणि मोठ्याने बोलायचा. आपा फोन आमच्याकडे फिरवायच्या. तो आम्हाला विचारायचा, अम्मा जेवते का नीट, की तुमचं लिखाणच तपासत बसते? एकदा ओंकारने त्याला सांगितलं, की त्या आमचा जीव घेतात. तर तो म्हणाला, "माझा शाळेत असताना घेतलाय. आता तुमची पाळी." आपा फोन काढून घ्यायच्या, ओढणी सावरायच्या आणि त्याला कामाला जा म्हणून सांगायच्या. लग्नाचं बघायला तो सुट्टीवर येणार होता.

आपांनी आम्हाला शिकवलेल्या गोष्टींत एक अशी होती, की पेशंटने आपल्याबद्दल काही विचारलं तर खरं सांगायचं. थोडक्यात सांगायचं आणि पुन्हा त्याच्याकडे वळायचं. लग्न झालंय का, मुलं किती, गाव कुठलं, हे आपल्याकडे सगळेच विचारतात, त्याला आक्रमण समजू नये. "तुम्ही त्याचं सगळं आयुष्य विचारता," त्या म्हणायच्या. "त्याने गाव विचारलं तर एवढं काय?" पण खोटं सांगायचं नाही, ह्यावर त्या ठाम होत्या. खोलीत एक खोटं बोललं गेलं की त्या खोलीतलं सगळंच हलायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी बायकांच्या वॉर्डात आपांच्या शेजारी बसले होते. त्या कमलशी बोलत होत्या आणि मी ऐकत होते. लहानपणी तुझी वेणी कोण घालायचं, असं त्यांनी कमलला विचारलं होतं. कमल विचार करत होती. तेवढ्यात सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. डॉक्टर म्हणजे तिथले मुख्य मानसोपचारतज्ज्ञ. आपा कमलला म्हणाल्या, येते हं, आणि गेल्या.

बऱ्याच वेळाने परत आल्या. त्याच खुर्चीवर बसल्या. कमल अजून तशीच बसलेली होती.

"आयस घालायची," कमल म्हणाली.

"आणि घट्ट घालायची की सैल?" आपांनी विचारलं.

"घट्ट. डोका दुखायचा."

आपांनी मान डोलावली. आज एवढंच बोलू, असं तिला सांगून त्या उठल्या. मी त्यांच्यामागून व्हरांड्यात आले. त्यांनी मला आजचं बोलणं लिहून ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, "मी घरी जाते. इरफान गेला."

"कुठे?" मी विचारलं. मला वाटलं, कंपनीने दुसरीकडे पाठवलं असेल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज जराही बदलला नाही. "वारला," त्या म्हणाल्या. "रात्री झोपेत. सकाळी उठला नाही."

मग त्या आपल्या खोलीत जाऊन पर्स आणि डबा घेऊन आल्या. डॉक्टर गाडीपाशी उभे होते. त्यांनी मागचं दार उघडलं, आपा बसल्या, गाडी गेली. मी वॉर्डात परत गेले आणि कमलचं बोलणं लिहून काढलं. आयस घालायची. घट्ट. डोका दुखायचा. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्याचं मला नवल वाटलं, पण तेही फार वाटलं नाही.

इरफानला दोह्यातच माती दिली. आणायचं तर कागदपत्रांत किती दिवस जातील ह्याचा नेम नव्हता, आणि मुलाला बर्फात ठेवायचं नाही, असं आपांच्या नवऱ्याने ठरवलं. भाट्याच्या पुलाकडे त्यांचं घर. ओंकार आणि मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. जहाजावरून निवृत्त झालेले त्यांचे उंच यजमान हमसून रडत होते आणि दोन शेजारी त्यांना धरून बसले होते. आपा आत बायकांमध्ये होत्या. कोण उन्हात बसलंय, कोणाला पाणी हवंय, कोणाची शेवटची गाडी चुकेल, हे सगळं त्याच बघत होत्या. आम्हाला त्यांनी चहा दिला. ओंकारने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "चहा घे आधी." आम्ही चहा प्यायलो आणि निघालो. परतताना रिक्षात ओंकार खाडीकडे बघत होता आणि मी ड्रायव्हरच्या मानेकडे.

दुसऱ्या आठवड्यात आपा कामावर हजर झाल्या. घरच्यांना ते आवडलं नव्हतं. इतक्या लवकर कशाला, असं डॉक्टरांनीही विचारलं. त्यांनी काहीतरी सांगितलं असेल. माझ्यासमोर मात्र डॉक्टरांनी त्यांना, आता कसं वाटतंय, असं विचारलं आणि आपा म्हणाल्या, "बरं आहे." ओंकारने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या.

काम मात्र चोख होतं. आमचं लिखाण त्या पूर्वीसारखंच परत पाठवत. मोठे शब्द खोडत. पेशंटला अंघोळीचं पाणी विचारत. डबा आणत, त्यात ओंकारची भाजीही असे. जेवताना फोन पर्समध्येच राहायचा. सुरुवातीला त्या वेळेला आम्ही मुद्दाम काहीतरी बोलत बसायचो. मग तेही थांबलं. जेवण लवकर उरकायचं.

एकदा धीर करून मी त्यांना म्हणाले, की आपा, तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटत असेल तर बोला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"कोणाशी?" त्या म्हणाल्या. "ह्या जिल्ह्यात ह्या कामात जी काही माणसं आहेत, ती माझ्याच हाताखालून गेलीत."

मुंबईच्या एका समुपदेशक बाईंशी त्या ऑनलाइन बोलल्या होत्या, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. बाई चांगली होती. पण तिने जे जे विचारलं ते आपांना आधीच कळत होतं. पुढचा प्रश्न कुठला येणार, मग ती किती वेळ गप्प बसणार, तेही. त्यांनी सगळी उत्तरं नीट दिली. तास संपला, कॉल बंद केला आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी त्यांच्या वाक्यातलं शेवटचं अक्षर ऐकायचा प्रयत्न केला. ते अजिबात लांबत नव्हतं.

आंब्याला मोहोर आला तेव्हा माझं ओपीडीचं रोटेशन चालू होतं. तिथे नव्या पेशंटचं पहिलं बोलणं आपा करायच्या आणि आम्ही शेजारी बसून शिकायचो. एका सकाळी नाटे गावाहून एक बाई आली. बरोबर तिची नणंद होती. बाईचा मुलगा मच्छीमारी बोटीवरून पाण्यात पडला होता आणि त्याचा देह सापडला होता तो दोन गावं सोडून. त्याला बरेच दिवस झाले होते, पण बाईचं रडणं थांबत नव्हतं. चुलीपाशी रडायची, झोपेत रडायची. घरातली लहान पोरं तिच्याजवळ जायला घाबरत होती. बाहेर पेशंटची नोंद घेणाऱ्या सिस्टरने ही माहिती लिहून घेतली आणि ती धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर येऊन आपांना म्हणाले, ही पेशंट मी बघतो. आपा म्हणाल्या, नको, मी बघते.

मी कोपऱ्यात बसले. आपांनी नणंदेला बाहेर थांबायला सांगितलं. बाई रडत होती. आपांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, मुलगा सकाळी काय खाऊन निघायचा? बाई बोलायला लागली. मुलाला नाचणीची भाकरी आवडायची नाही. तांदळाचीच लागायची. त्यावरून घरात भांडणं. ती बोलत गेली, रडत गेली, मध्येच एकदा हसली. आपा कुठे थांबायचं ते थांबल्या, कुठे विचारायचं ते विचारलं. तोवर मी त्यांचं इतकं सुंदर काम पाहिलं नव्हतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

शेवटी बाईने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "तुमाला पोरा हायत?"

माझं पेन थांबलं.

"आहे," आपा म्हणाल्या. "एक मुलगा आहे."

"सांभाळा त्याला," बाई म्हणाली.

"हो," आपा म्हणाल्या. मग त्यांनी तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, नणंदेला आत बोलावून घरी काय सांभाळायचं ते समजावलं, दोघींना दारापर्यंत सोडलं. जाताना बाईचा चेहरा येतानापेक्षा हलका होता. हे मी खात्रीने सांगू शकते.

आपा परत येऊन बसल्या. पुढचा पेशंट बाहेर होता, तरी त्यांनी बोलावलं नाही. टेबलावरचा पेपरवेट थोडा सरळ केला.

"कसं झालं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, फार चांगलं झालं.

"हो ना," त्या म्हणाल्या. "मलाही तेच वाटलं. ती रडत होती तेव्हा मी मनात बघत होते, की आता हिला पाणी द्यायचं की अजून थोडं थांबायचं. बाकी आत काही नव्हतं. मग तिने विचारलं, आणि मी आहे म्हणाले. ते खोटं आहे हे मला कळलं. पण त्याचंही काही वाटलं नाही."

मी त्यांना सांगितलं, की असं होणं साहजिक आहे, पुस्तकातही आहे. त्या म्हणाल्या, आहे, मीच तुम्हाला शिकवलंय. मग त्यांनी पुढच्या पेशंटसाठी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की उद्यापासून येणार नाही. आम्हालाही त्यांनी तिथे बसवून घेतलं, कारण प्रश्न आमचाही होता. सुपरवायझर नसेल तर आमचं वर्ष तिथे पुरं होणार नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी पुष्कळ समजावलं. तुमच्या कामात काडीचाही फरक नाही, पेशंटना फायदा होतोय, बायकांच्या वॉर्डाला दुसरं कोणी नाही, ही मुलं कुठे जातील. निदान उन्हाळ्यापर्यंत तरी थांबा.

आपा सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "फरक दिसत नाही, हीच मला भीती आहे, डॉक्टर. हात बधिर झाला की तवा किती तापलाय ते कळत नाही. आज त्या बाईचं काही बिघडलं नाही. उद्या एखादी मरायचं ठरवून येईल, माझ्याशी शांतपणे बोलून जाईल, आणि मला आत काही हलणारच नाही. मग मी कशावरून ओळखू? मी आजवर त्यावरूनच ओळखत आलेय."

ओंकारने विचारलं, की आमचं काय? त्याच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबरच होता. आपा त्याला म्हणाल्या, "तुमचं नुकसान होणार आहे. ते मला टाळता येत नाही. तुमच्यासाठी कोल्हापूरला मी मघाशीच बोललेय, पण ते घेतील की नाही ते अजून माहीत नाही." ओंकार उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण फक्त निरोप घ्यायला. बायकांच्या वॉर्डात त्या प्रत्येकीच्या खाटेवर जाऊन बसल्या आणि प्रत्येकीला तेच सांगितलं. माझा मुलगा वारला. मला सध्या काम जमत नाही. परत कधी येईन ते माहीत नाही. पेशंटना असं सांगू नये, त्यांना त्रास होईल, असं सिस्टरचं म्हणणं होतं. काहीजणी रडल्या. एकीने त्यांना शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. एकीला कळलंच नाही, तिला पुन्हा सांगितलं. कमल चादरीची घडी घालत होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बरा." घडी पुरी झाल्यावर ती उलगडली आणि पुन्हा घालायला लागली. आपा तिच्याजवळ बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ बसल्या.

आम्हाला कोल्हापूरला जागा मिळाली. मध्ये काही आठवडे वाया गेले, आणि ओंकारला त्याची पुढची ठरलेली नोकरी सोडावी लागली. रत्नागिरी सोडण्याआधी मी आपांच्या घरी गेले. ओंकार आला नाही. आपा मागच्या पडवीत आमसुलाचे डबे पुसत बसल्या होत्या. त्यांचे यजमान बाहेर गेले होते. आता ते सावरतायत, मशिदीत जातात, माणसांत बसतात, असं त्यांनी सांगितलं. इरफानची पेटी दोह्याहून आली होती. ती आतल्या खोलीत होती. त्यांनी ती उघडली होती, कपडे धुऊन, घड्या करून ठेवले होते. धुताना काही वाटलं नाही, असं त्या म्हणाल्या. साबण जास्त लागला, एवढंच लक्षात राहिलं.

परत कधी येणार, असं मी विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, की आतलं हलणं ही बोलावून येणारी गोष्ट नाही. आली तर येईन. नाही आली तर नाही. ओंकारची नोकरी गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्याला फोन केला होता, त्याने घेतला नव्हता. "नाही घेतला ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी मला आमसुलांची पिशवी दिली आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उभ्या राहिल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रिक्षात बसल्यावर मी पिशवीची गाठ नीट बांधून घेतली.

आता मी सांगलीत एका दवाखान्यात काम करते. दिवसाला बरेच पेशंट असतात, आणि खुर्चीतून उठेपर्यंत सकाळचा पेशंट आठवत नाही असे दिवसही असतात. माझ्या हाताखाली आता इंटर्न येतात. त्यांना मी मोठे शब्द खोडून परत देते. त्यांना ते आवडत नाही. ओंकार पुण्यात आहे. मध्यंतरी त्याने आपांना फोन केला, असं त्याने मला सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही.

आपा पुन्हा त्या वॉर्डात जायला लागल्यात. कमल तिथेच आहे. तिचा भाऊ अजूनही आलेला नाही. आपा परत कशा आल्या ते त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, माझ्या दोन पेशंटच्या मध्ये त्यांचा फोन आला. सहसा त्या कामाच्या वेळेत फोन करत नाहीत, म्हणून मी घेतला.

त्या बाजारात गेल्या होत्या. सोडे घ्यायचे होते, वाळवलेली सोललेली कोळंबी, घरासाठी. नेहमीची बाई. तिने न विचारता वजन केलं, आणि नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त केलं. आपा म्हणाल्या, एवढे कशाला? ती म्हणाली, पोराला पाठवायचे ना, दरवर्षी पाठवता ते? ती बाई मध्ये बाहेरगावी लेकीकडे होती, तिला काही माहीत नव्हतं.

"मी तिला सांगायला गेले," आपा म्हणाल्या, "आणि मला सांगता येईना. तोंडच उघडेना. तिथेच खाली बसले, प्राची. टोपल्यांच्या मध्ये. लोक जमले. ती बाई बिचारी घाबरली, माझ्या तोंडावर पाणी मारत बसली. मी किती मोठ्याने रडले असेन कोण जाणे. आता घरी आलेय. अजून थांबत नाहीये."

आणि खरंच, त्या रडत होत्या. बोलता बोलता आवाज तुटत होता, मध्येच श्वास अडकत होता, वाक्यांची शेवटची अक्षरं लांबत लांबत जात होती. डॉक्टरांना उद्या फोन करीन, असं त्या म्हणाल्या. मग पुढचं काही बोलता आलं नाही.

माझा पुढचा पेशंट दार अर्धं उघडून आत डोकावला. मी त्याला हाताने थांबायला सांगितलं. त्याने दार ओढून घेतलं. मी फोन कानाला धरून बसून राहिले. टेबलावर सकाळच्या पेशंटच्या नोंदीचा कागद होता. त्यावरची शाई पसरली तेव्हा मला कळलं, की मीही रडतेय.

बऱ्याच वेळाने त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "पेशंट बाहेर आहे ना तुझा?"

मी हो म्हणाले.

"मग बोलाव त्याला," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.